कांता, तुझं दीड तासाचं ऊन

दिवसाढवळ्या एखाद्या घराची दारं-खिडक्या बंद दिसल्या, आतून तरुण पोरीचा आवाज आला आणि ती कित्येक वर्षांत उंबऱ्याबाहेर आलेली नाही असं शेजाऱ्यांनी सांगितलं, तर वाचकहो, तुम्ही काय कराल? दार ठोठावाल? पोलिसात जाल? की तिला आत कोणी आणि कशासाठी ठेवलंय, एवढं आधी विचाराल? मी पत्रक काढलं. मी सतरा वर्षांची होते. मला सांगायची सवय होती, विचारायची नव्हती.

कांता, हे मी तुला लिहितेय. तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. मधूनमधून या लोकांशी बोलावं लागेल, कारण तुझी भाची गौरी जूनमध्ये शाळेत जाणार आहे, तिलाही तुझाच आजार आहे, आणि तिच्या वाटेत मीच घातलेला एक दगड पडलाय. तो मला उचलायचाय. त्यासाठी तुझ्या-माझ्यातलं थोडं चव्हाट्यावर मांडावं लागेल. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मांड की. पत्रकवालीला काय, तिला चव्हाटाच लागतो."

तू मला नावानं हाक क्वचितच मारलीस. "ए पत्रकवाले," हीच तुझी हाक.

माझे बाबा प्राथमिक शिक्षक. शाळा सुटली की सभा, मोर्चे, पत्रकं. आमच्या घरात देवघराच्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे असायचे. पिवळा कागद संपाचा, गुलाबी सभेचा, पांढरा अंधश्रद्धेवरचा. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांच्यावरच. मला वाटायचं, जगात दोनच जागा आहेत, अंधार आणि उजेड, आणि आपलं काम लोकांना एकीतून दुसरीत ओढून न्यायचं. बाबांची बदली चौसाळ्याच्या अलीकडे, हायवेवरच्या तुमच्या गावात झाली आणि आठवड्याभरात मला तुझी गोष्ट कळली. अप्पांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत त्यांची एकोणीस वर्षांची लेक कोंडलेली आहे. तुझी आई पोटुशी असताना ग्रहणात बाहेर गेली, विळीवर भाजी चिरली, म्हणून सूर्यनारायण रुसला आणि पोरीला त्यानं उन्हाची बंदी घातली. गाव हे सांगताना आवाज खाली घ्यायचं.

मी पेटले. रात्र न् दिवस एक करून मजकूर लिहिला. मथळा होता: 'ग्रहण आकाशातलं, शिक्षा पोरीला?' बाबांनी स्वल्पविराम तेवढे दुरुस्त केले.

मला तेव्हा माहीत नव्हतं की तू बाबांचं एकूण एक पत्रक आधीच वाचलेलं होतंस. सभेनंतर उरलेली पत्रकं रद्दीत जायची, रद्दी अप्पांच्या दुकानात यायची, आणि पुड्या बांधायचं काम तुझं. पुढे तू मला सांगितलंस, "तुझ्या बापाचं समदं लिखान म्या वाचलंय. तुरीची डाळ बांधायच्या आदी. चांगलं लिहित्यात, पन लई लांबवित्यात. पावशेराच्या पुडीला अर्धंच बसतं."

माझं पत्रकही तू वाचलंस. आठवडी बाजाराचा दिवस होता, मावशी, म्हणजे तुझी आई, माहेरी गेलेल्या. गल्लीत मी घोषणा देत होते आणि तुमचं दार आतून उघडलं. आईचं इरकल नेसलेली, मोहरी सांडावी तशा बारीक तिळांनी भरलेल्या चेहऱ्याची तू पायरीवर उभी राहिलीस आणि डोळे मिचकावत म्हणालीस, "चल. कुटं न्यायचंय तिथं ने." अप्पा दुकानातून धावत आले. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, भोवतीच्या गर्दीकडे बघितलं आणि पडक्या आवाजात म्हणाले, "जाऊ द्या एक डाव." माझ्या पत्रकानं त्यांना चार दिवस गावात मान वर करू दिली नव्हती. तो माझा विजय आहे असं मला वाटलं.

दीड तास. तू बाजारात दीड तास फिरलीस. कासारीण आधी तुझ्या तोंडाकडे बघून बिचकली, मग तुझा हात हातात घेतला, बाही वर केली आणि ओरडली, "अगं माय, लोन्यावानी दंड हाय की गं हिचा!" मग तिनं तुला बांगड्या भरल्या. तू पेरू घेतलास आणि तिखट-मीठ लावून उभ्यानं खाल्लास. एका म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तू नुसती उभी राहिलीस, कारण ती पाठ उन्हानं तापलेली होती आणि तापलेल्या जनावराला तू कधी हात लावला नव्हतास. मी तेलघाण्याच्या ओट्यावर चढले, तुला शेजारी उभं केलं आणि गर्दीला विचारलं, "बघा! काय झालं हिला? काही झालं का?"

काहीच झालं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुझ्या कातडीवर उन्हाचा चटका लगेच उमटत नसे. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर यायचा. हे जगात फक्त एका बाईला माहीत होतं आणि ती त्या दिवशी माहेरी होती.

तिसऱ्या दिवशी मी दुसरं पत्रक छापून आणलं. 'ऊन जिंकलं!' त्यात एक वाक्य होतं, ज्याचा मला फार अभिमान वाटत होता: 'सूर्यप्रकाश कुणाचाही शत्रू नसतो.' गावभर वाटून झाल्यावर एक प्रत तुला द्यायला मी तुमच्या दारात आले. मावशींनी दार उघडलं. शिवी नाही, रडारड नाही. "आत ये. बघ," एवढंच म्हणाल्या.

तुझा चेहरा मला ओळखू आला नाही. पापण्या मिटून सुजलेल्या, ओठांवर, नाकावर, मानेवर पाण्यानं भरलेले फोड. बांगड्यांचे हात तेवढे बहुतेक वेळ पदराखाली होते म्हणून वाचले होते. माझ्या हातातला कागद वाजला. तू आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलंस आणि विचारलंस, "कोन हाय? पत्रकवाली का? वाच की. काय लिहिलंय?"

मी वाचलं नाही.

त्या दिवशी मावशींनी मला जे सांगितलं ते मी आजवर कुठे छापलं नाही. त्यांच्याच शब्दांत सांगते. "सव्वा महिन्याची हुती. तेल लावून कवळ्या उन्हात ठिवली, समदे ठिवतेत तशी. दुसऱ्या दिशी फोड. म्हनलं, तेल बाधलं. तेल बदललं, पुन्ना ठिवली. पुन्ना फोड. तिसऱ्यांदी बिनतेलाची ठिवली. तवा उमगलं, तेलाचं काय न्हाई, ऊनच बाधतंय पोरीला. मंग म्या दार लावलं."

"आणि ग्रहणाचं, मावशी?"

"ते लोकायला सांगायला. कारन न्हाई सांगितलं तर लोक तोंड सोडतेत, महारोग म्हनतेत. गिरहन म्हनलं की गप बसतेत."

आमच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाला एक ओळ असायची: ऐकलं म्हणून मानू नका, करून बघा. वाचकहो, करून बघितलं होतं ते एका न शिकलेल्या आईनं, तीनदा, एकेक गोष्ट बाजूला काढत. ऐकून मानलं होतं ते मी.

फोड उतरल्यावर बाबा आणि अप्पा तुला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे आजाराला नाव मिळालं, झेरोडर्मा पिगमेंटोसम. डॉक्टरांनी समजावलं ते मला अजून पाठ आहे. उन्हानं प्रत्येकाच्या कातडीला आत बारीक इजा होते आणि प्रत्येकाचं शरीर ती गुपचूप दुरुस्त करत असतं. कांताच्या शरीरात ती दुरुस्ती करणारी सोय जन्मापासूनच नाही. इजा तशीच राहते, साठत जाते आणि एक दिवस तिची गाठ होते. हा दोष आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच असा उमटतो. तुझी आई तुझ्या अप्पांच्या सख्ख्या मामाची मुलगी. त्याच वर्षी तुझ्या भावाचं, बसूचं लग्न मामाच्याच मुलीशी ठरलं तेव्हा मी भांडले, बाबा भांडले, पण मामाची मुलगी मागणं म्हणजे मान, नाकारणं म्हणजे वैर. तू म्हणालीस, "लगीन मोडून तू दोन घरं तोडशील. त्यापरीस जन्मलेलं लेकरू आपुन नीट संबाळू." त्यांच्या गौरीच्या गालांवर ती वर्षाची व्हायच्या आत तीळ दिसले.

अपराधाच्या भारानं मी तुमच्या घरी यायला लागले, हे खरं. पण थोड्या दिवसांत तो भार मी दारातच ठेवायला लागले आणि तुझ्यासाठीच येऊ लागले. खिडकीला गोणपाट, आतून काळं कापड, आणि त्या गारव्यात तू धान्य निवडत बसलेली. डोळे पुरते उघडायचे नाहीत, पण मुठीतून घसरणाऱ्या डाळीतला खडा तुझ्या बोटांना आधी कळायचा. तशीच तू माझी वाक्यं निवडायचीस.

"तुमच्या पत्रकात अंधार म्हंजी वाईटच कावून असतो गं?"

"तसं म्हणायची पद्धत आहे."

"कुनाची पद्धत? माजं समदं चांगलं अंधारात झालंय. म्या वाचाया शिकले ती अंधारात. तुजी-माजी गट्टी अंधारात. आन् तुमी म्हनता, अंधार जाळा."

मी चिडायचे, प्रतीक म्हणजे काय ते समजावायचे. तू डाळ पाखडत म्हणायचीस, "परतीक असू दे. पन जाळू नका." हा वाद आपण सात वर्षं केला. मी हरले असं तुझ्यापुढे कधी कबूल केलं नाही. आता पत्रक लिहायला बसते आणि 'अंधकार' या शब्दापाशी पेन अडतं. तो शब्द खोडून मी 'अन्याय' लिहिते. मला खरं तर तेच म्हणायचं असतं.

याच वर्षांत गावात डिश अँटेना आली, टपरीवर रंगीत पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या. बाजार खुला झाला, आता जगातली कोणतीही वस्तू मिळणार, असं रोज ऐकू यायचं. तुला लागणारं उन्हाचं मलम बीडच्या एकाही दुकानात मिळालं नाही. गोरं करणारी क्रीम मात्र आपल्या हायवेवरच्या टपरीवर होती. एकदा तू ती आणवलीस, उघडलीस, वास घेतलास आणि गौरीच्या बाहुलीला फासलीस. "हिला गोरी करू. आमाला निस्तं जगू द्या म्हनावं."

बाजारानं तुला एक गोष्ट मात्र दिली. बसूनं दुकानाच्या अर्ध्या भागात एसटीडी बूथ टाकला आणि दिवस मावळला की तू तिथे बसायला लागलीस. आयुष्यात पहिल्यांदा लोक तुझ्याकडे यायला लागले. कड्याच्या साखर कारखान्यावर नवरा असलेली एक बाई दर आठवड्याला फोन लावायची, शेळीचं बोलायची, पावसाचं बोलायची, फोन ठेवायची आणि मग हमसून रडायची. तू चार आठवडे बघितलंस. पाचव्या आठवड्याला म्हणालीस, "आक्का, रडायचंय ना? मंग ठिवायच्या आदी रडा. तेला ऐकू जाऊ द्या. मागनं रडून काय, मलाच ऐकू येतं." त्या खेपेला ती फोनवरच रडली आणि गुरुवारी तिचा नवरा घरी आला.

कपिलधारची यात्रा सरली की बसू आपल्याला जीपनं तिथे न्यायचा. ऊन डोंगराआड गेलेलं, भाविक परतलेले, फक्त धबधब्याचा आवाज आणि ओल्या दगडांचा वास. तू डोक्यावरचं कापड काढायचीस, गॉगल काढायचीस आणि तुषारांत तोंड वर करून उभी राहायचीस. नाकावर एकदा, पापणीपाशी एकदा, ओठावर दोनदा गाठ काढलेल्या त्या चेहऱ्यावरून पाणी ओघळायचं. मी तुझ्याकडे बघत बसायचे. हल्ली संध्याकाळ झाली की माझे पाय आपोआप तुमच्या गल्लीकडे वळतात. कोपऱ्यावर आल्यावर आठवतं. मग मी उगाच एक काडेपेटी घेते आणि परत फिरते.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी होती आणि तू ती दिली नाहीस.

"कांता, एकदा माफ केलं म्हण."

"कशाची माफी?"

"त्या बाजाराच्या दिवसाची."

"तो दिस तुजा हाय का माजा? बांगड्या म्या भरल्या. पेरू म्या खाल्ला. तू निस्ती वरडत हुतीस." मग आवाज उतरवून म्हणालीस, "माज्याजवळ तेवढंच ऊन हाय. तेची माफी मागून तू ते वाईट करू नगंस."

डॉक्टर म्हणाले होते की एका दिवसानं गाठ होत नाही, लहानपणापासूनचं दारातलं, फटीतलं, प्रवासातलं सगळं ऊन मिळून होते. त्यातलं माझं किती, हे कुणी सांगू शकत नाही. मी ते विचारत राहणार.

आणि गेल्या हिवाळ्यातलं ते. गाठ जिभेपाशी पोचली होती, एक डोळा गेला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. तू माझा हात धरून अडखळत म्हणालीस, "आता काय ऱ्हायलंय बिघडायचं? एक डाव बाजारला ने. दिसा. उन्हात."

मी नाही म्हणाले. ठामपणे, कारणं देऊन, पत्रकासारखी मुद्देसूद. तू ऐकून घेतलंस आणि भिंतीकडे वळलीस. पहिल्यांदा तुला न विचारता तुझ्यासाठी ठरवलं ते चुकलं होतं म्हणून मी जन्मभर माफी मागत होते, आणि दुसऱ्यांदा तू स्वतः मागत होतीस तेव्हाही मीच ठरवलं. कुठली चूक मोठी? तुला विचारायला आता उशीर झाला. तू उत्तर दिलंच नसतंस म्हणा. "पत्रक काढ आन् लोकायला इचार," म्हणाली असतीस.

तू गेलीस ती सकाळी. तुमच्यात माणसाला मखरात बसवून नेतात. कपाळाला विभूती, गळ्यात बेलाची माळ, चेहरा उघडा. दुपारी एकपर्यंत मखर सजून तयार होतं, चौसाळ्याहून पाहुणे आले होते, मठातल्या स्वामींनी मंत्र म्हटले. मखर उचलणार तेवढ्यात मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "दिस मावळू द्या. मंग न्या."

कुणीतरी म्हणालं, "आता काय व्हायचंय उन्हानं, वैनी?"

मावशी म्हणाल्या, "म्या सव्वीस वर्सं राखलीय तिला. आजबी राखीन."

सगळे स्वामींकडे बघायला लागले. स्वामी खाली बसले आणि म्हणाले, "माय म्हनती तसं." मग गाव बसलं. हायवेच्या कडेला, दुकानाच्या पायऱ्यांवर, लिंबाखाली, दीडशे-दोनशे माणसं, मार्चच्या उन्हात स्वतः भाजत, पाच तास. एकही जण उठून गेला नाही.

आणि मी, जिला तुझी शेवटची मागणी माहीत होती, गप्प बसले. मी एक शब्द बोलले असते तर तुला भर उन्हातून नेलं असतं. काहीही न बिघडवता तुला आणखी एकदा ऊन मिळालं असतं. पण मावशींच्या डोळ्यांकडे बघून मला तोंड उघडता आलं नाही. हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मावशींना हे कुणीतरी वाचून दाखवेल. त्यांनी मला घरात घेतलं नाही तरी मी दारात बसेन.

आता गौरीचं. ती सहा वर्षांची आहे. तिला सगळी अक्षरं येतात, तूच शिकवलीस. गेल्या आठवड्यात तिची आई तिला नाव घालायला शाळेत घेऊन गेली, मी सोबत होते. पोरीच्या डोक्याला कापड, अंगभर बाह्या. गुरुजी भले माणूस आहेत. त्यांनी हसत तिच्या डोक्यावरचं कापड काढलं आणि म्हणाले, "लाजायचं न्हाई. मैदानात प्रार्थनेला समद्यांसंगं उभं ऱ्हायचं." मी आजार समजावायला लागले तर त्यांनी टेबलाच्या काचेवर बोट ठेवलं. काचेखाली माझंच पत्रक होतं. "बाई, तुमीच लिहिलंय की. सूर्यप्रकाश कुणाचाही शत्रू नसतो. म्या तवा टाळ्या वाजिवल्या हुत्या." मी लिहिलेल्या कुठल्याच ओळीवर इतक्या निष्ठेनं कुणी विश्वास ठेवला नाही.

म्हणून हे जाहीर लिहिते, माझं नाव घालून. ते वाक्य खोटं होतं. गौरीसाठी सूर्यप्रकाश शत्रू आहे, आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वार करतो, तेव्हा बघायला मैदानात कुणी नसतं.

गावकऱ्यांनो, शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारी सकाळी पालकसभा आहे. ज्यांची पोरं त्या शाळेत नाहीत त्यांनीही या. प्रार्थना ओसरीत घ्यायची, गौरीच्या वर्गाच्या खिडक्यांना जाड कापड लावायचं आणि तिच्या डोक्यावरचं कापड कुणी काढायचं नाही, एवढाच ठराव आहे. मी तिथे बोलणार नाही. गौरीची आई बोलेल, तिला सभेत बोलायची सवय नाही, ती अडखळेल. तिचं शेवटपर्यंत ऐका. तुम्ही मेलेल्या पोरीसाठी पाच तास उन्हात बसलात. या जिवंत पोरीसाठी अर्धा तास सावलीत या, आणि हात वर करा.